हरवलेलीं अक्षरें : घरचा हात कीं जाणत्याचा हात?

‘अक्षर’ म्हणजे जें क्षरत नाहीं तें, अशी व्युत्पत्ति आम्ही शाळेंत तीस वर्षें मुलांस सांगत आलों. एखादा चुणचुणीत मुलगा विचारी, “मास्तर, मग फळ्यावरचें अक्षर पुसलें कसें जातें?” त्यावर आम्ही हंसून म्हणत असूं, “बाळ, फळ्यावर दिसतें तें अक्षराचें चित्र. खरें अक्षर तुझ्या मुखांत आहे.” इतकें सांगून आम्ही मोकळे होत असूं. परंतु ज्या अक्षराचें मुखच उरलें नाहीं, आणि ज्याचें चित्र तेवढें एका लहानशा पेटींत शिल्लक आहे, त्याचें काय करावें, हा प्रश्न त्या काळीं आम्हांस कोणीं विचारिला नाहीं. तो पुढें आमच्याच घरीं उभा राहिला, आणि त्याचें उत्तर देतांना आम्ही चुकलों.

वाचकांस स्मरत असेल कीं, या सदरांत मागें एकदां आम्हीं स्वावलंबनाची थोरवी गाइली होती. नळाची चकती बदलावयास किंवा शिवणयंत्राचा पट्टा चढवावयास बाहेरचा माणूस बोलावणें म्हणजे गृहस्थास कमीपणा, असें आम्हीं त्या वेळीं मोठ्या तोऱ्यानें लिहिलें होतें. त्यांतील मूळ तत्त्व आम्हीं आजहि सोडलेलें नाहीं. परंतु त्यास एक मर्यादा आहे, आणि ती न ओळखल्यानें आमच्या घराचें जें नुकसान झालें तें वाचकांपुढें ठेवणें हें आमचें कर्तव्य आहे. प्रस्तुत लेख त्या लेखाची पुरवणी समजावा. कोणास वाटल्यास प्रायश्चित्त समजावें.

आमचे वडील बंधु, ज्यांस सारें घर दादा म्हणत असे, हे ऋग्वेदी. वडिलांपाशीं बसून त्यांनीं सारी संहिता मुखोद्गत केली होती. ऋग्वेदाचीं आठ अष्टकें आणि प्रत्येक अष्टकाचे आठ अध्याय, असे एकंदर चौसष्ट अध्याय होतात. आजोबांचें वय सत्तरीपलीकडे गेलेलें पाहून दादांच्या नातवानें २०२० व २०२१ या दोन वर्षांत त्यांच्यासमोर ध्वनिमुद्रणाचें लहान यंत्र ठेवून चौसष्टहि अध्याय उतरून घेतले. मुलगा यंत्र चालू करून आपल्या अभ्यासास बसे. त्यामुळें दोन वर्गांच्या मधलें दादांचें खोकणें, चष्मा शोधणें, “अगं, पाणी आण” म्हणून वहिनींस हांक मारणें, हेंहि त्यांत आलें. २०२२ सालीं दादा गेले. पुढें लॅपटॉपमध्यें जागा अपुरी पडूं लागली म्हणून मुलानें तेथील प्रत पुसून टाकिली. अशा रीतीनें ते चौसष्ट अध्याय खिशांत मावेल अशा एका हार्ड डिस्कवर राहिले, आणि केवळ तिच्यावरच राहिले.

पुढील गोष्ट सांगण्यापूर्वीं आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण चुकीचें मूळ तिच्यांत आहे. २०२३ च्या वैशाखांत घरांतील एका मुंजीचीं छायाचित्रें कॅमेऱ्याच्या कार्डावरून चुकून पुसलीं गेलीं. त्या वेळीं याच मुलानें कॅमेरा तत्काळ बंद करविला, कार्ड काढून घेतलें, आणि फोटोरेक नांवाच्या एका विनामूल्य सॉफ्टवेअरनें दोन तासांत बहुतेक सारीं छायाचित्रें परत आणिलीं. फाइलींचीं नांवें तेवढीं गेलीं होतीं. भिक्षावळीच्या आधीं मातृभोजन लावण्याचें काम बायकांनीं बसून केलें. मुलाचें कौतुक झालें, आणि आम्हीं त्यास एक फाउंटन पेन बक्षीस दिलें.

आतां मुख्य गोष्ट. २०२४ च्या श्रावणाअखेर गणपतीपूर्वींची झाडलोट चालली असतां ती हार्ड डिस्क, लॅपटॉपास जोडलेली आणि चालू स्थितींत, मेजावरून फरशीवर पडली. उचलून पुन्हां जोडली तेव्हां तिच्यांतून घड्याळासारखा टिक-टिक आवाज येऊं लागला. पडद्यावर ती क्षणभर दिसे आणि नाहींशी होई. आमच्या सूनबाई पुण्यास संगणकाच्या कचेरींत नोकरीस आहेत. त्यांस फोन केला. त्या म्हणाल्या, “बाबा, ती आतांच्या आतां काढून ठेवा. पुन्हां जोडूं नका. हें काम करणारे लोक इकडे आहेत, मी चौकशी करतें.” तासाभरानें त्यांनीं खर्चाचा अंदाज कळविला : सुमारें तीस हजार रुपये.

मुलगा म्हणाला, “आजोबा, मागच्या वेळीं जमलें. एकदां घरींच करून पाहूं का?” तो विचारीत होता, निर्णय आमचा होता. आयुष्यभर पै-पैचा हिशेब ठेवलेले आम्ही तीस हजारांचा आंकडा मनांत घोळवीत म्हणालों, “पाहा करून. घरांत विद्या असतां बाहेर कशाला जावें?” मुलानें डिस्क जोडली. ‘दोष आहेत, दुरुस्त करूं काय’ असें संगणकानें विचारिलें, त्यास होकार दिला. मग शोधकाम करणारें सॉफ्टवेअर लावून तो झोपीं गेला. टिक-टिक रात्रभर चालली होती. आम्हांस ती अंथरुणांत ऐकूं येत होती, आणि काम चालू आहे अशा समजुतीनें समाधानहि वाटत होतें. पहांटे त्या आवाजाच्या जागीं पाटीवर खिळा ओढावा तसा आवाज येऊं लागला.

आंत काय घडत होतें हें कळण्यास यंत्राची रचना थोडी सांगणें अवश्य आहे. पहिली हार्ड डिस्क अमेरिकेंतील आय. बी. एम. कंपनीनें १९५६ सालीं रॅमॅक या संगणकासोबत बाहेर काढिली. तींत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, आणि कपाटाएवढ्या त्या सांगाड्यांत सुमारें पन्नास लाख अक्षरें मावत. आज तळहातावर राहणाऱ्या एक टेराबाइटच्या पेटींत त्याच्या सुमारें दोन लाख पट मजकूर मावतो. परंतु तत्त्व तेंच आहे. कांचेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या तबकडीवर चुंबकीय द्रव्याचा अतिशय पातळ थर असतो, त्यावर अक्षरें चुंबकाच्या खुणांनीं लिहिलेलीं असतात. तबकडी मिनिटास ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते. ७,२०० फेरे म्हणजे सेकंदास १२०. त्या खुणा वाचणारें जें सूक्ष्म टोंक, ज्यास हेड म्हणतात, तें तबकडीस टेंकत नाहीं, फिरत्या तबकडीबरोबर वाहणाऱ्या हवेच्या थरावर तरंगतें. हें अंतर केवळ कांहीं थोडे नॅनोमीटर असतें. मनुष्याचा केंस पन्नास हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो. यावरून त्या फटीची कल्पना करावी. धुराचा कणहि तेथें डोंगराएवढा.

चालू यंत्र पडलें म्हणजे हें हेड तबकडीवर आपटतें व वांकतें किंवा निकामी होतें. मग तें आपली जागा शोधतें, जागेच्या खुणा वाचतां येत नाहींत, म्हणून मागें येतें आणि पुन्हां जातें. आम्ही जी टिक-टिक ऐकत होतों ती ही येरझार. तें कामाचें लक्षण नव्हतें. मुकें जनावर वेदनेनें पाय आपटतें तसला तो प्रकार होता. आणि पहांटेचा आवाज म्हणजे मोडकें हेड तबकडीवरचा थर खरवडीत होतें. तो थर हीच अक्षरें. खरवडून निघालेली भुकटी पुन्हां कोणासहि वाचतां येत नाहीं, मग तो कितीहि मोठा तज्ज्ञ असो.

येथें वाचकांनीं एक भेद मनांत पक्का धरावा. बिघाड दोन जातींचा असतो. पहिला सूचीचा. शाळेच्या ग्रंथालयांत एखाद्या पुस्तकाची नोंद वहींतून खोडली, तरी पुस्तक फळीवर तसेंच असतें. त्या जागीं दुसरें पुस्तक ठेवीपर्यंत तें शोधून काढतां येतें. फाइल डिलीट केल्यावर बहुधा एवढेंच होतें : नोंद जाते, मजकूर राहतो, आणि त्याची जागा ‘रिकामी’ म्हणून जाहीर होते. मुंजीच्या कार्डावर हाच प्रकार झाला होता. फोटोरेक सूचीकडे पाहतच नाहीं. तें फळ्यांवरून हात फिरवून प्रत्येक जातीच्या फाइलीच्या आरंभीं जी ठराविक खूण असते ती ओळखतें. म्हणूनच छायाचित्रें मिळालीं आणि नांवें गेलीं. दुसऱ्या जातीचा बिघाड कपाटाचाच : फळी मोडली, वाळवी लागली, कुलूप तुटलें. तेथें सूची शोधणाऱ्या कारकुनास आंत पाठविलें तर तो मोडक्या फळीवर पाय देऊन उरलेलीं पुस्तकेंहि खालीं पाडतो. आम्हीं नेमकें हेंच केलें. पहिल्या जातीच्या रोगावरचा उतारा दुसऱ्या जातीच्या रोगास दिला, कारण एकदां गुण आला होता. अर्ध्या हळकुंडानें पिवळें होणें म्हणतात तें हेंच. आणि पिवळें मूल झालें नव्हतें, आम्ही झालों होतों.

मग घरच्या हातानें कांहींच करूं नये काय? तसें नाहीं. डिस्क शांतपणें फिरत आहे, कसलाहि नवा आवाज नाहीं, संगणक तिचें नांव व आकारमान बरोबर दाखवितो, आणि केवळ फाइली चुकून पुसल्या गेल्या आहेत, तर घरींच प्रयत्न करण्यास हरकत नाहीं. अट एकच, पण ती कडक आहे : ज्या डिस्कवरून मजकूर गेला तिच्यावर एक अक्षरहि नवें लिहूं नये. सॉफ्टवेअरहि तिच्यावर घालूं नये, आणि सांपडलेल्या फाइलीहि तिच्यावर ठेवूं नयेत. संगणकास दुरुस्तीचा होकारहि देऊं नये. ती दुरुस्ती पुस्तकांची नसते, सूचीची असते, आणि सूची जुळविण्याच्या भरांत ती डिस्कवर लिहीत सुटते. आजारी डिस्कवर तर ती घातकच.

डिस्क पडलेली नाहीं, आवाज नाहीं, परंतु कांहीं फाइली उघडतांना ती अडखळते, अशी मधली अवस्थाहि असते. तेथें जाणत्या हौशी माणसानें एक नियम पाळावा : मूळ पोथीवर खटपट करूं नये, आधीं नक्कल उतरावी आणि मग नकलेवर काय ती खटपट करावी. यासाठीं आंतोनियो दियास दियास यांनीं लिहिलेलें जी. एन. यू. डीडीरेस्क्यू हें विनामूल्य साधन प्रसिद्ध आहे. तें संपूर्ण डिस्कची प्रत दुसऱ्या निरोगी डिस्कवर उतरतें. त्याची रीत आम्हां मास्तरांस फार आवडली : परीक्षेंत शहाणा विद्यार्थी सोपे प्रश्न आधीं सोडवितो, अडलेल्यांवर खूण करून पुढें जातो आणि शेवटीं त्यांकडे वळतो, तसेंच हें साधन सुखानें वाचतां येणारा भाग प्रथम घेतें, अडलेल्या जागांची नोंद ठेवतें आणि मागाहून त्यांच्यापाशीं परततें. परंतु नक्कल चालली असतांनाच नवा आवाज आला, किंवा गति एकाएकीं मंदावून थांबूं लागली, तर तेथेंच हात आंवरावा.

नव्या लॅपटॉपांत आणि दूरध्वनींत फिरती तबकडी नसते. तेथें मजकूर विद्युत्-चकत्यांत राहतो. त्या पडण्यास पुष्कळ सोशीक असतात, परंतु त्यांचें दुसरें एक अंग आहे. नोंद खोडल्यावर ‘ही जागा आतां नको’ अशी आज्ञा संगणक त्यांस देतो, आणि त्या ती जागा आपण होऊन साफ करितात. म्हणून तेथें चुकून पुसलेली फाइल बहुधा कोणाच्याहि हातीं लागत नाहीं. शिवाय मरण्यापूर्वीं त्या टिक-टिक करून सूचनाहि देत नाहींत.

आतां घरगुती उपायांविषयीं. आमच्या घरीं तो आवाज झाल्यावर शेजारच्या एका हितचिंतकांनीं सुचविलें कीं, डिस्क पिशवींत घालून रात्रभर फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यांत ठेवावी. ही समजूत पुष्कळ ठिकाणीं आहे. परंतु थंड पेटी बाहेर काढतांच तिच्यावर दंव धरतें, ताकाच्या गार भांड्यावर धरतें तसें. आणि जेथें धुराचा कण डोंगर, तेथें पाण्याचा थेंब म्हणजे समुद्रच. दुसरा उपाय, सारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या डिस्कची विद्युत्-पाटी काढून हिला बसविणें. हाहि आतां बहुधा निरुपयोगी आहे. कारण प्रत्येक डिस्कचीं स्वतःचीं मापें तिच्याच पाटीवरील एका चकतींत कोरलेलीं असतात, आणि ती चकती जाणत्यानें काढून नव्या पाटीवर बसविल्यावांचून भागत नाहीं. तिसरा उपाय, पेंच काढून आंत पाहणें. हा उपाय नव्हे, ही उत्तरक्रिया.

जाणते लोक ती पेटी उघडतात, पण कोठें? स्वच्छ दालनांत. हवेच्या स्वच्छतेचे जे आंतरराष्ट्रीय वर्ग ठरलेले आहेत, त्यांपैकीं पांचव्या वर्गाच्या एक घनमीटर हवेंत अर्धा मायक्रॉन किंवा त्याहून मोठे कण ३,५२० पेक्षां अधिक चालत नाहींत. नवव्या वर्गाची, म्हणजे साधारण खोलीच्या हवेची, मर्यादा तीन कोटि बावन्न लाखांची आहे. तेथें ते मोडकें हेड काढून त्याच जातीच्या दुसऱ्या डिस्कचें हेड बसवितात, तबकडी थोडा वेळ चालवितात, आणि तेवढ्या अवधींत तिची नक्कल उतरून घेतात. तीस हजार रुपये पडतात ते या दालनाचे, त्या दुसऱ्या डिस्कचे आणि अशा शेंकडों पेट्या उघडून बसलेल्या हाताचे.

तो हात काय करूं शकतो याचें एक उदाहरण जगाच्या दृष्टीसमोर आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजीं कोलंबिया हें अवकाशयान पृथ्वीवर परततांना भंगलें आणि आपल्या कल्पना चावला यांच्यासह सातहि अंतराळवीर मृत्युमुखीं पडले. त्या यानांत झेनॉन वायूच्या एका प्रयोगाची नोंद ठेवणारी हार्ड डिस्क होती. ती आकाशांतून टेक्सास संस्थानांत पडली, आणि कांहीं महिन्यांनीं एका कोरड्या तळ्याच्या पात्रांत जळून काळवंडलेल्या स्थितींत सांपडली. मिनेसोटा येथील तज्ज्ञांनीं तिच्या तबकड्या काढून, स्वच्छ करून, दुसऱ्या सांगाड्यांत बसविल्या आणि सुमारें ९९ टक्के मजकूर परत मिळविला. त्याच्या आधारें शास्त्रज्ञांचा निबंध २००८ सालीं प्रसिद्ध झाला. परंतु या गोष्टीचा उत्तरार्धहि ध्यानांत ठेवावा : त्याच यानांतील आणखी दोन डिस्कांमधून कांहीं म्हणजे कांहींच मिळालें नाहीं. तज्ज्ञ म्हणजे धन्वंतरी नव्हे. तबकडी शाबूत असेल तर तो चमत्कार करितो. ती खरवडली गेली असेल तर तोहि हात जोडतो. आणि आकाशांतून पडलेल्या त्या डिस्कला पडल्यानंतर कोणीं रात्रभर चालविलें नव्हतें.

पैशाविषयींहि स्पष्ट बोललें पाहिजे, कारण आमची चूक पैशापाशींच झाली. प्रत्येक डिस्कवर तीस हजार खर्चावे असें आम्ही म्हणत नाहीं. तींत सिनेमे, पुन्हां मिळणारीं पुस्तकें, कोणी पुन्हां न पाहणारीं छायाचित्रें असतील, तर ती गंगार्पण करावी. पण जें पुन्हां निर्माण होणें नाहीं, तें तींत असेल आणि हाताशीं पैसे नसतील, तर ती काढून, कापसांत गुंडाळून, कपाटांत ठेवावी. बंद ठेविलेली डिस्क पैसे जमेपर्यंत चार महिने वाट पाहते; चालू ठेविलेली रात्रभरहि पाहत नाहीं. हें एवढें जरी त्या दिवशीं आमच्या ध्यानांत आलें असतें तरी पुष्कळ होतें.

तज्ज्ञ निवडतांना लग्नाच्या स्थळासारखी चौकशी करावी. पेटी कोठें उघडतां, तें दालन दाखवाल काय, असें विचारावें. तपासणीचें शुल्क किती, मजकूर न मिळाल्यास काय द्यावें लागेल, पैसे देण्यापूर्वीं मिळालेल्या फाइलींची यादी पाहावयास मिळेल काय, मूळ डिस्क परत मिळेल काय, हें लेखी घ्यावें. सारें कांहीं खात्रीनें मिळवून देतों म्हणणाऱ्यापासून दूर राहावें. घरीं जें जें केलें असेल तें वैद्यास सांगावें तसें न लपवितां सांगावें. आणि आपणांस काय हवें, कोणत्या क्रमानें हवें, याची यादी द्यावी. कारण नवें हेडहि किती वेळ टिकेल याचा नेम नसतो, आणि जें पहिलें हवें तें पहिलें काढतां आल्यास काढून घेतात.

ही यादी करण्यासाठीं आम्ही वहिनींपाशीं बसलों. आम्हांस वाटलें, त्या पहिलें मंडल म्हणतील, पुरुषसूक्त म्हणतील. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, “भाऊजी, वेद कोठेंहि मिळेल. मधलें बोलणें तेवढें मिळतें का पाहा.”

डिस्क पुण्यास गेली. दीड महिना लागला. दोन डिस्कांचीं हेडें खर्चीं पडलीं आणि तीस हजारांचे पंचेचाळीस हजार झाले. चौसष्टांपैकीं एक्कावन अध्याय संपूर्ण मिळाले, चार तुटक मिळाले, नऊ गेले. आम्हीं त्या तज्ज्ञ गृहस्थांस विचारिलें कीं, त्या रात्रीं चालविली नसती तर? ते सभ्य होते. म्हणाले, “अधिक मिळालें असतें. किती, तें आतां कोणासच सांगतां येणार नाहीं.” दादांचा नातू तेथें उभा होता. परततांना गाडींत तो बोलला नाहीं. शेवटीं आम्हींच त्यास सांगितलें कीं, तूं विचारिलेंस आणि आम्हीं हो म्हटलें. त्या नऊ अध्यायांचा हिशेब आमच्या खात्यावर आहे, तुझ्या नव्हे. त्याचें समाधान झालें असें आम्हांस वाटत नाहीं.

त्या रात्रीं बैठकींत ते अध्याय लावले. सारें घर ऐकत बसलें होतें. एका अध्यायाच्या मध्यें दादांचा स्वर थांबला, खोकल्याचा आवाज आला, आणि मग, “अगं, पाणी आण.” वहिनी “आणतें हो” म्हणून उठल्या. दारापर्यंत गेल्या, आणि मग परत येऊन बसल्या. कोणी कांहीं बोललें नाहीं.

आतां शेवटची एक गोष्ट, आणि ती आमच्या शास्त्राची असून आम्हांसच सुचली नाहीं, याची लाज वाटते. वेद अशुद्ध होऊं नये म्हणून पूर्वजांनीं संहितेखेरीज पद, क्रम, जटा, घन असे पाठ सिद्ध केले. क्रमांत प्रत्येक पद आपल्या पुढच्याशीं जोडून म्हणतात, जटेंत तीच जोडी उलट-सुलट म्हणतात. एका ठिकाणीं चूक झाली तर शेजारची जोडी ती पकडते. हार्ड डिस्कहि मजकुराबरोबर अशाच ताळ्याच्या खुणा लिहिते आणि किरकोळ दोष आपल्या आपण सुधारते, हें कळल्यावर आम्हांस मोठें कौतुक वाटलें. परंतु या सर्व पाठांहून मोठा एक उपाय पूर्वजांनीं योजिला होता, आणि तो इतका साधा कीं त्यास नांवहि नाहीं : त्यांनीं वेद कधीं एका मुखावर ठेविला नाहीं. एक मुख मिटलें तर दहा गांवांत दहा मुखें असत. आम्हीं मात्र तो एका पेटीवर ठेविला, आणि मग घरचा हात कीं जाणत्याचा हात याचा खल करीत बसलों. हा प्रश्नच मुळीं तहान लागल्यावर विहीर कोणीं खणावी, असा आहे.

हल्लींचे जाणते सांगतात कीं, तीन प्रती असाव्या, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्या, आणि एक तरी घराबाहेर असावी. त्यांत एवढीच भर घालावी कीं, प्रत उघडून पाहावी. १९९८ सालीं पिक्सार कंपनींत ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाचें बहुतेक काम चुकून पुसलें गेलें, तेव्हां राखून ठेविलेली प्रतहि बिघडलेली निघाली. तान्ह्या मुलामुळें घरून काम करणाऱ्या गॅलिन सुसमन या बाईंच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती, तिनें काम वांचविलें.

आमच्या घरीं आतां त्या पंचावन अध्यायांची एक प्रत देवघराशेजारच्या कपाटांत, एक पुण्यास सूनबाईंपाशीं आणि एक महाजालावरील भाड्याच्या कोठारांत आहे. दर वर्षप्रतिपदेस गुढी उभारल्यावर मुलगा तिन्ही प्रती उघडतो आणि प्रत्येकींतील एक अध्याय लावतो. तुटके चार अध्याय त्यानें टाकून दिलेले नाहींत. जेथें स्वर तुटतो तेथें तो थांबतो, आणि पुढचा मंत्र स्वतः म्हणतो. त्यानें संहिता शिकावयास आरंभ केला आहे. उच्चार अजून कच्चा आहे.

वाचकांस आमची विनंति एवढीच कीं, हा अंक खालीं ठेवल्यावर त्यांनीं आपल्या घरांतील ती एक पेटी आठवावी, जिच्यांतील वस्तूची दुसरी प्रत कोठेंच नाहीं. ती आज संध्याकाळींच उतरून ठेवावी. हें काम मात्र घरच्या हातानें खुशाल करावें.